पडछायेचा व्यवहार : छायाचित्राला सावली जोडण्याच्या प्रश्नाचा आढावा

मराठीने फोटोला ‘छायाचित्र’ हा शब्द दिला, त्यातून ‘छायाचित्रकार’ आला, झेरॉक्स प्रतीला ‘छायाप्रत’ म्हटले गेले आणि चित्रपटाच्या कॅमेऱ्यामागील कामाला ‘छायालेखन’. युरोपीय भाषांतील ‘फोटोग्राफी’ या शब्दाचा मूळ अर्थ प्रकाशलेखन असा आहे. मराठीने मात्र त्याच कलेला प्रकाशाचे नाव न देता सावलीचे दिले. ही निवड सयुक्तिक म्हणावी लागते, कारण कागदावर प्रतिमा उमटवण्याचे तंत्र शोधणारे इंग्लंडचे विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनीही १८३९ च्या सुमारास आपल्या शोधाकडे सावली कायमची धरून ठेवण्याची कला म्हणूनच पाहिले होते. आज मोबाइलवर किंवा संगणकावर चित्र सुधारणारी जी साधने घरोघरी पोचली आहेत, त्यांत धरून ठेवलेल्या सावलीबरोबरच मुळात नसलेली सावली निर्माण करण्याची सोय असते, आणि एका बटणाने साधणाऱ्या या क्रियेत भूमिती, चित्रकला, गणकयंत्रशास्त्र, मानसशास्त्र आणि सचोटी असे अनेक प्रश्न एकत्र येतात. त्या सर्वांचा एकत्रित विचार येथे केला आहे, आणि तो करताना बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले सोनाळा हे गाव आधारबिंदू म्हणून घेतले आहे. कारण सावली ही नेहमी कुठल्यातरी एका ठिकाणची असते, आणि ठिकाण सोडून तिचा हिशेब मांडता येत नाही.

प्रथम दोन शब्दांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. वस्तूच्या स्वतःच्या अंगावर, उजेडाच्या विरुद्ध बाजूला जो काळोख साठतो, त्याला या लेखात ‘अंगछाया’ म्हटले आहे. आणि तीच वस्तू उजेड अडवते म्हणून जमिनीवर, भिंतीवर किंवा दुसऱ्या वस्तूवर जी आकृती पडते, तिला ‘पडछाया’. अंगछाया वस्तूचा घाट सांगते, तर पडछाया वस्तूची जागा सांगते. संगणकावर एखाद्या व्यक्तीचे चित्र मूळ पार्श्वभूमीतून कापून दुसरीकडे चिकटवले जाते तेव्हा तिची अंगछाया तिच्याबरोबर येते, परंतु पडछाया जुन्या जागीच राहते, आणि म्हणून ती व्यक्ती नव्या चित्रात तरंगताना दिसते. सावली जोडण्याची गरज येथे उद्भवते. जोडलेली प्रत्येक पडछाया पाहणाऱ्याला तीन गोष्टी सांगते : उजेड कोठून येतो, वस्तू कशावर टेकली आहे आणि टेकली नसल्यास पृष्ठभागापासून किती दूर आहे. सावली हे अशा प्रकारे प्रकाशाविषयीचे एक विधान असते, आणि विधान म्हटले की ते बरोबर आहे की चूक, हा प्रश्न त्याच्याबरोबर येतोच.

भूमिती : शंकू, दिवा आणि सोनाळ्याची दुपार

सावलीचा हिशेब मराठी मुलुखाला नवा नाही. इ.स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त ‘छायाव्यवहार’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने स्थापलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे, म्हणजे बुलढाण्याच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, सापडलेला आहे. छायाव्यवहारात शंकू, म्हणजे जमिनीत उभी रोवलेली ठरावीक उंचीची काठी, आणि तिच्या सावलीवरून उंची व अंतरे काढण्याची रीत सांगितली आहे. दिव्याच्या उजेडात उभ्या शंकूची सावली किती लांब पडेल, याचे उत्तर असे मिळते : शंकूची उंची आणि दिव्यापासून शंकूचे अंतर यांच्या गुणाकाराला, दिव्याच्या उंचीतून शंकूची उंची वजा करून आलेल्या संख्येने भागावे. बारा फूट उंचीच्या दिव्यापासून सहा फुटांवर सहा फूट उंचीचा माणूस उभा असेल तर त्याची सावली सहा फूट पडते, आणि तोच माणूस बारा फुटांवर गेला की बारा फूट. छायाचित्रात दिव्याच्या खांबाखाली वेगवेगळ्या अंतरांवर दोन माणसे चिकटवणाऱ्याने दोघांना सारख्याच लांबीची सावली दिली, तर ती या हिशेबात बसत नाही. आणि दोन्ही सावल्या एकाच दिशेला पडल्या तर तीही चूक ठरते, कारण दिव्याच्या सावल्या दिव्याच्या पायथ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या फाकतात.

सूर्याचे गणित याहून सोपे असते, कारण तो इतका दूर आहे की त्याचे किरण व्यवहारात समांतर मानता येतात. सोनाळा सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे डिसेंबरच्या २१-२२ तारखांना तेथे मध्यान्हीचा सूर्य दक्षिण क्षितिजापासून सुमारे साडेपंचेचाळीस अंशांवर असतो, आणि पंचेचाळीस अंशांचा अर्थ असा की सावलीची लांबी जवळजवळ वस्तूच्या उंचीइतकीच होते व ती उत्तरेकडे पडते. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हा मध्यान्हीची सावली उंचीच्या सुमारे ३८ टक्के उरते. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायांखाली नाहीशी होते, ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. असा दुसरा दिवस जुलैच्या मध्याच्या आसपास येतो, आणि या दोन दिवसांच्या दरम्यान मध्यान्हीची सावली किंचित का होईना, पण दक्षिणेकडे पडते. उन्हाळ्यातील भर दुपारी काढलेल्या छायाचित्राला लांबट, तिरपी सावली जोडली की त्या मातीत वाढलेल्या माणसाला काहीतरी खटकते, त्याचे कारण या गणितात आहे. ते त्याला शब्दांत सांगता येईलच असे नाही. परंतु झाडाखाली बैल बांधताना उन्हाबरोबर सावली कोठे सरकेल याचा अंदाज घेण्याची सवय त्याच्या डोळ्यांना असते.

सावलीची कड किती धारदार असावी, हेही गणितच ठरवते. सूर्य हा बिंदू नसून आकाशात सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे प्रत्येक सावलीला दोन भाग असतात : जेथे सूर्य पूर्ण झाकला जातो ती गडद ‘प्रच्छाया’ आणि जेथे तो अंशतः दिसतो ती फिकट ‘उपच्छाया’. ग्रहणाच्या वर्णनात येणारे हे दोन शब्द माणसाच्या साध्या सावलीलाही लागू पडतात. उपच्छायेची रुंदी अडवणाऱ्या वस्तूपासून सावलीपर्यंतच्या अंतराच्या सुमारे १०८ व्या भागाइतकी असते. डिसेंबरच्या दुपारी सोनाळ्यात साडेपाच फूट उंचीचा माणूस उभा असेल, तर त्याच्या टाचेजवळची सावलीची कड सुरीसारखी धारदार दिसते आणि डोक्याच्या सावलीची कड मात्र दोन-तीन सेंटीमीटर विरलेली असते. एकाच सावलीत पायाशी धार आणि डोक्याशी विरळपणा, हा निसर्गाचा नियम आहे. आणि बहुतेक तयार साधने संपूर्ण सावलीला एकसारखा धूसरपणा देतात, ही त्यांची सर्वांत मोठी उणीव आहे.

चित्रपरंपरा : अजिंठ्यापासून पिंगुळीपर्यंत

चित्रात सावली असावीच, असा आग्रह सर्व परंपरांनी धरलेला नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात ‘वर्तना’ म्हणजे छटा देऊन घाट उठवण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : पानाच्या शिरांसारख्या रेषांचा पत्रज, अतिसूक्ष्म छटेचा ऐरिक आणि ठिपक्यांचा बिंदुज. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत गाल, नाक, हनुवटी यांना अशा छटांनी आलेला गोलवा आजही पाहणाऱ्याला थक्क करतो. परंतु त्या आकृतींच्या पायांशी पडछाया आढळत नाही. अंगछाया स्वीकारून पडछाया नाकारणे ही तेथील चित्रकारांची उणीव मानण्याचे कारण नाही, कारण त्यांच्या चित्रात उजेड एका जागेवरून येत नाही, तो आकृतींच्या अंगातूनच आल्यासारखा असतो. यातून आजच्या कामासाठी एक महत्त्वाचा बोध मिळतो : ज्या चित्रात जागा आणि वेळ सांगायची नसते, उदाहरणार्थ देवतेच्या किंवा संतांच्या चित्रात, तेथे पडछायेचा आग्रह न धरता नुसत्या छटेवर आणि प्रभावळीवर चित्र उभे करणे हीदेखील एक समृद्ध आणि याच भूमीतली परंपरा आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पाश्चात्त्य छायाप्रकाशाचे शिक्षण रुजले आणि मराठी चित्रकारांनी ते आत्मसात केले. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र हे त्याचे सर्वश्रुत उदाहरण आहे. त्या चित्रात उजेडाचा उगम एकच, म्हणजे ज्योत; ज्योतीसमोर धरलेल्या तळहाताच्या बोटांतून लालसर उजेड पाझरतो, आणि चेहऱ्यावरील प्रत्येक छटा त्या एका ज्योतीचा हिशेब पाळते. संगणकावर चित्र जुळवणाऱ्याला उजेडाची एकवाक्यता म्हणजे काय हे शिकवण्यासाठी या चित्राइतका चांगला पाठ शोधून सापडणार नाही. पुढे रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल यांची नावे कॅलेंडरांतून व दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांतून घरोघरी पोचली. त्या काळातील छपाईच्या आणि जाहिरातीच्या कामात, हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या स्प्रेगनने विरत जाणारी छटा देण्याचे जे तंत्र रूढ होते, त्याचाच संगणकीय वारस म्हणजे आजचा मऊ कडेचा ब्रश.

सावलीला स्वतंत्र कलेचे स्थान देणारी परंपरा मात्र सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर कलावंतांनी जपली आहे. चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांबरोबरच चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ तेथे होतो, आणि या कलांच्या जतनासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पांढऱ्या पडद्यामागे दिवा असतो, मध्ये बाहुली. ती पडद्याला टेकलेली असताना तिची सावली रेखीव दिसते, आणि कलावंताने तिला दिव्याकडे ओढले की सावली मोठी होते, कड विरते, काळोख पातळ होतो. चित्रसंपादनाच्या खिडकीत आकार, धूसरपणा आणि अपारदर्शकता यांच्या ज्या तीन सरकपट्ट्या वेगवेगळ्या दिलेल्या असतात, त्या या कलावंताच्या एका हाताच्या हालचालीत एकत्र बांधलेल्या आहेत. सरकपट्ट्या सुट्या असल्या तरी निसर्गात त्या एकमेकींना जखडलेल्या असतात, हे भान सुटले की सावली खोटी दिसू लागते.

संगणकातील सावली : थर, गुणाकार आणि धूसरपणा

संगणकावर सावली तयार होण्यासाठी आधी पारदर्शकतेची कल्पना जन्मावी लागली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमुल यांनी प्रत्येक पिक्सेलला, म्हणजे चित्राच्या सर्वांत लहान ठिपक्याला, लाल, हिरवा, निळा या तीन मूल्यांबरोबर ‘तो किती झाकतो’ हे सांगणारे चौथे मूल्य दिले, ज्याला अल्फा म्हणतात. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये अशा प्रतिमा एकमेकींवर ठेवण्याचे बीजगणित मांडले. त्रिमितीय दृश्यात सावली कोठे पडेल हे संगणकानेच शोधावे, यासाठीच्या रीती फ्रँक क्रो यांनी १९७७ मध्ये आणि लान्स विल्यम्स यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केल्या. परंतु सपाट छायाचित्रात वस्तूची खोली संगणकाला ठाऊक नसते, आणि म्हणून छायाचित्राच्या बाबतीत सावलीचा निर्णय माणसाकडेच राहिला.

फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले. त्यात चित्राचे भाग वेगवेगळ्या काचांवर रंगवल्यासारखे सुटे ठेवणारे ‘लेअर’ म्हणजे थर १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले, आणि थराला आपोआप सावली देणारी सोय १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत. त्यापूर्वी सावली हवी असल्यास वस्तूची आकृती उचलून, तिची प्रत काळी करून, किंचित सरकवून आणि धूसर करून मूळ वस्तूखाली ठेवावी लागे. आजची ‘ड्रॉप शॅडो’ हीच चार पावले एका आज्ञेत उरकते. मोफत मिळणाऱ्या गिम्पमध्ये प्रकाश आणि सावली यांच्या फिल्टरांचा वेगळा गट असून त्यात साध्या सावलीबरोबर क्षितिजाचे अंतर व सावलीची लांबी विचारणारी यथादर्शी सावलीही आहे, आणि मार्च २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीपासून दिलेले पुष्कळसे फिल्टर नंतर केव्हाही बदलता येतात. महाराष्ट्रातील फ्लेक्स, लग्नपत्रिका आणि छपाईचे बरेचसे काम कोरलड्रॉवर चालते, ज्यात वस्तूवरून माउस ओढून सावलीची दिशा व लांबी ठरवता येते. आणि फोनवर बॅनर तयार करणाऱ्या तरुणांत पिक्सेललॅब व पिक्सआर्ट ही नावे सर्वपरिचित आहेत.

या साधनांतील दोन कल्पना नीट समजून घेणे इष्ट आहे. पहिली धूसरपणाची : तो बहुधा गाउस या जर्मन गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घंटाकृती वक्राप्रमाणे दिला जातो, ज्यात प्रत्येक ठिपक्याचे मूल्य शेजारच्या ठिपक्यांत वाटले जाते, जवळच्यांना अधिक आणि दूरच्यांना कमी. दुसरी ‘मल्टिप्लाय’ म्हणजे गुणाकार पद्धतीची : खालच्या आणि वरच्या ठिपक्यांची ० ते २५५ मधील मूल्ये गुणून २५५ ने भागली जातात. सावलीचा रंग शुद्ध काळा असेल तर ही पद्धत आणि साधी पद्धत यांच्या निकालात फरक पडत नाही. फरक पडतो तो सावली करडी किंवा निळसर असते तेव्हा. विदर्भातील काळ्या जमिनीचे छायाचित्रातील मूल्य ४० धरले आणि तिच्यावर ९० मूल्याची करडी सावली साध्या पद्धतीने पूर्ण अपारदर्शक ठेवली, तर सावलीतली जमीन ९० होते, म्हणजे उन्हातल्या जमिनीपेक्षा उजळ, जे अशक्य आहे. गुणाकार पद्धतीने तीच १४ होते. गुणाकाराने कोणताही रंग उजळत नाही, आणि ढेकळे, काडीकचरा, पावलांचे ठसे सावलीखालूनही दिसत राहतात, म्हणून सावलीसाठी ती पद्धत प्रमाण मानली जाते.

सावली काळी नसते, ही गोष्टही येथेच नोंदवावी लागते. निरभ्र दिवशी उन्हाची वाट अडली तरी निळ्या आकाशाचा उजेड सावलीत पोचतच असतो, म्हणून ती किंचित निळसर असते. हा उजेड एकूण उजेडाच्या पाचव्या हिश्शाइतका धरला, तर उन्हात २५५ दिसणारी पांढरी जमीन सावलीत ठोकळमानाने १२४ च्या आसपास दिसते (चित्रातील मूल्ये उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात), म्हणजे काळ्यापासून बरीच दूर. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत सावली आपोआप ७५ टक्के अपारदर्शक काळ्या रंगात आणि १२० अंशांच्या कोनात येत असे, आणि गेल्या पंचवीस वर्षांतील असंख्य फलकांवर तीच न बदलता राहून गेलेली दिसते.

एक काम जवळून

कार्तिकी यात्रा असो, लग्न असो वा वाढदिवस, सोनाळ्यासारख्या गावात फलकाचे काम बहुधा एका जुन्या छायाचित्रापासून सुरू होते. त्यांतले सर्वांत जबाबदारीचे काम म्हणजे दिवंगत वडीलधाऱ्या माणसाचा फोटो, जो पुष्कळदा एखाद्या लग्नातील समूहचित्रातून कापून घ्यावा लागतो, कारण त्या माणसाचा एकट्याचा फोटो कधी काढलेलाच नसतो. अशा वेळी प्रथम पाहायचे ते चेहऱ्याकडे : नाकाची सावली कोणत्या गालावर आहे, टोपीच्या किंवा फेट्याच्या कडेखाली कपाळावर काळोख किती आहे आणि हनुवटीची सावली गळ्यावर कोठवर उतरली आहे. नाकाची सावली उजवीकडे असेल तर उजेड डावीकडचा, आणि मग संपूर्ण फलकावर सावली उजवीकडेच पडली पाहिजे. ती डावीकडे दिली तर एकाच माणसाला दोन सूर्य लाभतात. समूहचित्र फ्लॅशवर काढलेले असेल तर चेहरा सपाट असतो व मागे भिंतीवर धारदार काळी किनार उमटलेली असते, जी कापताना फेट्याच्या कडेला चिकटून येते. पेन टूलने कड एक-दोन पिक्सेल आत घेऊन आणि थोडे फेदर देऊन, म्हणजे कड विरघळवून, ती आधी काढून टाकावी लागते.

पूर्ण उंचीच्या आकृतीसाठी पावले थोडी वेगळी आहेत. फोटोशॉपमध्ये ड्रॉप शॅडो दिल्यावर ‘क्रिएट लेअर’ या आज्ञेने ती सावली स्वतंत्र थर होते, आणि तो थर वाकवून जमिनीवर आडवा पाडता येतो. आकृती १,१०० पिक्सेल उंच असेल आणि डिसेंबरच्या दुपारचे ऊन दाखवायचे असेल, तर वर काढलेल्या हिशेबाने टाचेशी धूसरपणा एक-दोन पिक्सेल आणि डोक्याशी पंधरा-वीस पिक्सेल असावा. यासाठी सावलीच्या दोन प्रती, एक धारदार आणि एक धूसर, एकावर एक ठेवून धारदार प्रत वर जाताना मास्कने, म्हणजे झाकणाऱ्या पडद्याने, विरळ करावी. शेवटी चप्पल जेथे मातीला टेकते तेथे बोटभर जागेत सर्वांत गडद, सर्वांत अरुंद अशी स्पर्शछाया लहान ब्रशने हाताने भरावी. ही शेवटची रेघ दिसायला क्षुल्लक असते, पण माणूस जमिनीवर उभा राहतो तो तिच्यामुळे.

देवनागरी अक्षरांची सावली

अक्षरांना सावली देण्याचे बहुतेक तयार नमुने रोमन अक्षरांसाठी बेतलेले असतात आणि देवनागरीला ते जसेच्या तसे मानवत नाहीत. देवनागरीची शिरोरेखा सलग असल्याने तिची सावली अक्षरांच्या पोटात उतरते; खाली उकार आणि वर रफार, अनुस्वार व मात्रा असल्यामुळे ओळीओळींतली मोकळी जागाही आधीच कमी असते. फलकांवर सर्वाधिक येणारे दोन शब्द घेतले तरी हे स्पष्ट होते. ‘शुभेच्छा’तील ‘च्छ’मध्ये दोन अक्षरे अगदी लगटून बसतात आणि ‘श्रद्धांजली’तील ‘द्ध’मध्ये एक दुसऱ्याच्या कुशीत शिरते. सावलीचे अंतर या अक्षरांच्या आतील पोकळीपेक्षा जास्त झाले की पोकळी भरते, आणि चौकातून जाणाऱ्याला जोडाक्षराच्या जागी काळा डाग दिसतो. म्हणून सावलीचे अंतर अक्षराच्या रेघेच्या जाडीच्या आत ठेवणे, पिवळ्या अक्षराला लाल किनार आणि वर काळी सावली असा तिहेरी थर टाळून किनार किंवा सावली यांपैकी एकच निवडणे, आणि जोडाक्षरे मोठी करून तपासणे, हे नियम देवनागरीपुरते अनिवार्य मानले पाहिजेत. ज्या शब्दांतून आनंद किंवा शोक पोचवायचा, ते शब्द वाचता येणे ही सजावटीच्या आधीची गोष्ट आहे.

डोळ्यांची सवय : लोणारचा धडा

सावलीवरून घाट ओळखताना मेंदू काही गोष्टी गृहीत धरतो. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये मांडले की उजेड एकाच ठिकाणाहून आणि वरून येतो, असे धरूनच मेंदू छटांचा अर्थ लावतो. याचे प्रत्यंतर बुलढाणा जिल्ह्यातच मिळते. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणारचे विवर उपग्रहाच्या हिवाळ्यातील सकाळच्या छायाचित्रात पाहिले, तर सूर्य आग्नेयेकडे असल्याने ऊन चित्राच्या खालच्या बाजूने येते, आणि उत्तर वर ठेवलेल्या अशा चित्रात खोल विवर पाहणाऱ्याला उंचवट्यासारखे दिसू शकते. चित्र उलटे केले की ते पुन्हा खोल होते. हा भ्रम टाळण्यासाठी नकाशाकार डोंगरउतारांना सावली देताना उजेड वायव्येकडून, म्हणजे चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून, पंचेचाळीस अंश उंचीवरून येतो असे मानतात. असा सूर्य सोनाळ्याच्या किंवा लोणारच्या आकाशात वर्षातून एकदाही येत नाही. तरीही नकाशा बरोबर वाचला जावा म्हणून तो संकेत स्वीकारला जातो. फोटोशॉपचा १२० अंशांचा जुना कोनही उजेड वर डावीकडेच ठेवतो, आणि मेंदूचा कल किंचित डावीकडच्या उजेडाकडे असतो, हे जेनिफर सन व पिएत्रो पेरोना यांनी १९९८ मध्ये दाखवले.

डॅनिएल केर्स्टन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये सिद्ध केले की चेंडूचा मार्ग तोच ठेवून फक्त त्याची सावली हलवली, तरी चेंडू कधी जमिनीवरून सरकताना तर कधी हवेत उठताना दिसतो. याउलट यूरी ओस्ट्रोव्स्की, पॅट्रिक कॅव्हनॉ आणि पवन सिन्हा यांच्या २००५ मधील प्रयोगांतून असे आढळले की दृश्यातील एखाद्या वस्तूवरचा उजेड इतरांशी विसंगत असला तरी पाहणाऱ्यांच्या ते सहजी लक्षात येत नाही. हे दोन निष्कर्ष एकत्र वाचले तर सावली जोडण्याचा अग्रक्रम ठरवता येतो : वस्तू आणि जमीन यांचा स्पर्श सर्वांत आधी, त्यानंतर गडदपणा व धूसरपणाचा मेळ, आणि त्यानंतर दिशा, कारण स्पर्श चुकला तर सामान्य पाहणाऱ्यालाही तत्काळ खटकते, दिशा चुकली तर बहुधा खटकत नाही.

खरेपणाचा प्रश्न

दिशेची चूक सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून ती क्षम्य ठरते का, हा या आढाव्यातील कळीचा प्रश्न आहे. चूक डोळ्यांना दिसली नाही तरी भूमितीला दिसते. एरिक की, जेम्स ओब्रायन आणि हॅनी फरीद यांनी २०१३ मध्ये मांडलेली पद्धत या तत्त्वावर उभी आहे की सावलीतील एखाद्या बिंदूपासून ती सावली पाडणाऱ्या वस्तूच्या बिंदूतून जाणारी प्रत्येक रेषा शेवटी उजेडाच्या उगमाच्या चित्रातील स्थानावरच मिळाली पाहिजे. उजेडाचा उगम एकच असूनही सर्व रेषा एका बिंदूत मिळत नसतील, तर चित्रातील काहीतरी नंतर जोडलेले आहे. कागद, पट्टी आणि पेन्सिल घेऊन शाळकरी मुलालाही ही तपासणी मोठ्या छायाचित्रावर करता येते, आणि तिचा मूळ विचार शंकू-दिव्याच्या त्रिकोणाहून वेगळा नाही.

यावरून छायाचित्रांचे दोन वर्ग करणे योग्य ठरते. फलक, पत्रिका, मुखपृष्ठ, बचत गटाच्या पापड-मसाल्याचे विक्रीचित्र यांत सावली जोडणे ही रचना आहे आणि पाहणाराही ती रचना म्हणूनच स्वीकारतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवरील बरणीला दिलेली मऊ सावली तिला टेकण्यापुरती जागा देते, बरणीबद्दल खोटे काही सांगत नाही. बातमी, पंचनामा, पीकनुकसानीचा पुरावा किंवा इतिहासाची नोंद म्हणून पुढे येणाऱ्या छायाचित्रात मात्र सावली जोडणे किंवा पुसणे म्हणजे साक्ष बदलणे होय, कारण सावली वेळ आणि ठिकाण सांगते. २०२३ पासून फोटोशॉपसारख्या साधनांत कृत्रिम बुद्धिमत्तेने रिकामी जागा भरण्याची जी सोय आली, तिने हा भेद अधिक निकडीचा केला आहे. अशा साधनाने माणूस पुसताना त्याची सावली निवडायची राहिली, तर साधन पुष्कळदा त्या सावलीवरून दुसरी आकृती उभी करते. यंत्रालाही सावली म्हणजे वस्तूच्या अस्तित्वाचा पुरावाच वाटतो.

या सर्व विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा की सावली जोडण्याचे कौशल्य बटणांत नसून पाहण्यात आहे, आणि पाहण्याची शाळा प्रत्येकाच्या अंगणात उघडी आहे. सोनाळ्यातील स्टुडिओत किंवा फोनवर काम शिकणाऱ्या मुलामुलींनी हातभर काठी अंगणात रोवून वर्षभर, दर महिन्याच्या एका दुपारी, तिच्या सावलीची लांबी, दिशा आणि कडेचा विरळपणा वहीत टिपला, तर डिसेंबरात काठीएवढी भरणारी आणि मेअखेरीस काठीच्या बुडाशी नाहीशी होणारी ती सावली त्यांना कोणत्याही तयार नमुन्याहून अधिक शिकवील. एवढे शिकलेला हात जेव्हा एखाद्या आजोबांचा जुना फोटो कापून नव्या फलकावर ठेवील, तेव्हा त्यांच्या पायांशी पडणारी सावली ते ज्या उन्हात आयुष्यभर वावरले, त्याच उन्हाची असेल.